एमजीए ट्विन कॅमच्या हबचे ड्राइव्ह पेग बदलले: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांनी ही गाडी मडगावात घेतली तेव्हा मी शाळेत होतो. १९५९ ची एमजीए ट्विन कॅम, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार. हे मॉडेल १९५८ ते १९६० एवढंच निघालं, एकूण २,१११ गाड्या. साध्या एमजीएला बोल्टची डिस्क चाकं किंवा तारांची चाकं यायची. ट्विन कॅमला मात्र डनलॉपची मधल्या एकाच नटाची स्टीलची चाकं होती, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. या चाकांना बोल्ट नसतात. चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या तोंडावर जाड पोलादी खुंट्या असतात, त्या चाकाच्या भोकांत बसतात. हेच ड्राइव्ह पेग.

मधला कानवाला नट चाक हबवर दाबून धरतो, तेवढंच त्याचं काम. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण हे पेग झेलतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण पटलं ते चोर्ला घाटात.

त्याआधी कित्येक महिने रिव्हर्समधून पहिल्या गिअरला आलं की मागून ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट मी बदलला. आवाज तसाच. मग घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला टक्, ब्रेक सोडला की पुन्हा टक्, आणि आता पुढूनसुद्धा. घाटाखालच्या साखळी गावापर्यंत जीव मुठीत धरून आलो.

घरी आल्यावर गाडी जॅकवर घेतली. मुलाला ब्रेक दाबून बसवलं, चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवलं. हब जागचा हलत नव्हता, चाक मात्र केसभर फिरत होतं. हबच्या कडेला बोट लावलं की ती केसभर हालचाल स्पष्ट कळते. ज्यांच्याकडे अशी चाकं आहेत त्यांनी ही तपासणी आजच करावी, पाच मिनिटांचं काम आहे. चाक काढलं तर पेगांभोवती तांबूस भुकटी जमलेली. ती आपल्या रस्त्यांवरची लाल माती समजून मी इतकी वर्षं पुसत होतो. धातू धातूवर घासून झालेला तो गंज होता. पेगांची एक बाजू नखाला लागेल इतकी खाल्ली गेली होती.

पहिल्यांदा मी चूक केली. जवळच्याच एका लेथवर जुन्या मापाने पेग करून घेतले, तेही माइल्ड स्टीलचे. दिसायला सुरेख. तीन महिन्यांत कडा चेपल्या आणि आवाज परत आला. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण त्या तीन महिन्यांत मी घरच्या माणसाला शेजारी बसवून दोनदा बेळगावला जाऊन आलो, याचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी फोंड्याच्या एका जुन्या मेस्तांकडे, म्हणजे मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेगांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी चाकं मागितली. “बाब, पेग नवे घालशील, पण भोक लांबट झालं असेल तर नवा पेगसुद्धा त्यात आपटणारच,” म्हणाले. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म या एका वाक्यात आहे. मापं घेतली तेव्हा तीन चाकांची भोकं ठीक निघाली, मागच्या उजव्या चाकाची अंडाकृती झालेली. नशिबाने डिकीतलं स्टेपनी चाक जवळजवळ न वापरलेलं होतं, ते तिथे घेतलं. खराब चाक भोकांत बुश, म्हणजे धातूची नळी बसवून दुरुस्त होईल, तोवर ते गाडीला लावायचं नाही.

नवे पेग ईएन-२४ या मजबूत मिश्र पोलादाचे, उष्णता देऊन कडक केलेले. पार काचेसारखे कडक करू नयेत, झटक्याने तुटतात. चारही हबचे सगळे पेग एकदमच बदलले. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो. बेअरिंग आणि ऑइल सील काढून हब भट्टीत गरम केले, पेग रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवले होते. असं केलं की ते प्रेसखाली सरळ, न ठोकता बसतात. पहिला पेग आत गेला आणि हब गार होता होता त्याला घट्ट धरून बसला, तेव्हा मेस्तांनी त्यावर नुसती हातोडीची टिचकी मारली. बद्द नाही, खणखणीत आवाज आला. तो आवाज मी विसरणार नाही.

नऊ महिन्यांत सुमारे ३,२०० किलोमीटर झाले, त्यात चोर्ला घाट चार वेळा आणि अनमोड घाट एकदा. टक् आवाज पूर्ण गेला. ब्रेक दाबताना गाडी आता एकसंध वाटते. पूर्वी ब्रेक लागण्याआधी एक क्षण पोकळ जायचा, तो ब्रेकचाच दोष समजून मी पॅडसुद्धा बदलले होते.

सांभाळायला लागतं ते थोडंच. चाक बसवताना पेगांवर आणि नटाच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात. समुद्राच्या खाऱ्या हवेत कोरडं ठेवलं तर नट चिकटतो. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, तेव्हा नट अदलाबदल करायचे नाहीत. ठोकायला तांब्याचाच हातोडा. पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. कुठलं चाक कुठल्या हबचं, हे मी आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलं आहे.

गेल्या रविवारी, पावसाने उघडीप दिल्यावर, चारही चाकं काढून पाहिली. तीन हबांवर मायक्रोमीटरला फरक लागला नाही. मागच्या डाव्या हबचा एक पेग एका बाजूने किंचित चकाकतोय. माप अजून बरोबर आहे, पण गणेश चवथीनंतर ते चाक मेस्तांकडे नेणार आहे.