एमजीबीला अँटी-रोल बार: फक्त पुढे, की मागेही?

रबर बंपरची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हौसेने घेतली आणि पहिल्याच मोठ्या वळणावर ती होडीसारखी कलली, तर लगेच गाडीत बिघाड शोधू नका. बंपरच्या उंचीच्या अमेरिकी नियमापायी 1974 च्या उत्तरार्धात ही गाडी दीड इंच उंच झाली. त्याच वेळी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी, तीही कारखान्याने काढून घेतली. 1977 च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्ही बार मिळू लागले. मधल्या वर्षांतली गाडी असणाऱ्यांना मात्र आजही ठरवावं लागतं: एकटा पुढचा बार घ्यायचा, की जोडी?

माझी 1975 ची. मी राहतो इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमध्ये; ॲबिंग्डन, जिथे ती तयार झाली, तिथून फार लांब नाही. आधी मी जोडीच बसवली आणि दोन हिवाळे चालवली.

कोरड्या रस्त्यावर जोडीला तोड नाही, हे आधी कबूल करतो. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांतल्या वळणांवर गाडी सपाट राहते, स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत येतं. एकटा पुढचा जाड बार असला की वेगात नाक किंचित बाहेर ओढतं; मागचा बार ते बरंच सावरतो. पहिल्या उन्हाळ्यात मी जोडीवर बेहद्द खूश होतो.

मग पाऊस लागला. घराजवळ एक छोटा राउंडअबाउट आहे. सकाळच्या वर्दळीत तिथे दोन गाड्यांमधली फट साधून शिरावं लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये, उजवीकडे वळत ॲक्सिलरेटर दिला की मागचं उजवं, म्हणजे आतलं, चाक जागच्या जागी फिरायचं. इंजिन ओरडतंय, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि समोरून व्हॅन येतेय! टायर नवे घातले, हवा कमी-जास्त करून पाहिली, पाय हलका ठेवायला शिकलो. फरक पडला, पण त्रास गेला नाही. कारण सरळ आहे. मागचा बार वळणात आतल्या चाकावरचा भार कमी करून बाहेरच्या चाकावर टाकतो आणि एमजीबीचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, साधा. भार नसलेलं चाक फिरू लागलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. ज्या जागी गाडीने झटकन निघावं, नेमकी तिथेच ती अडायची. त्या एका गोष्टीने माझं मन जोडीवरून उठलं.

मागचा बार काढला त्या आठवड्यात तोच राउंडअबाउट, तसाच पाऊस. गाडी थोडी कलली आणि निघाली. मोजमाप काही केलेलं नाही, पण छातीतली धडधड थांबली एवढं नक्की.

पुढच्या बारची जाडी निवडताना इंचाच्या अपूर्णांकांना हलकं समजू नका. पिळाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी आकार तोच ठेवला तर 9/16 इंची बारच्या मानाने 5/8 चा सुमारे दीडपट ताठ, आणि 3/4 चा तिपटीहून जास्त. मी 5/8 वर थांबलो. खडबडीत गल्लीबोळांतून एक चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी हिसका देत नाही. 3/4 वर समाधानी असलेले लोक आहेत, आणि त्यांचे रस्ते कदाचित माझ्यापेक्षा चांगले असतील.

ज्यांच्या गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरू न देणारा) आहे किंवा जे ट्रॅकवर जातात, त्यांनी जोडीचा विचार जरूर करावा. 1977 नंतरच्या गाडीतली कारखान्याची जोडी मी तरी छेडणार नाही. बाकीच्यांनी आधी खालच्या विशबोनचे (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दुहाती आर्मचे) रबरी बुश तपासावेत. ते भुगा झालेले असतील तर नव्या बारचा पैसा वाया जाईल. माझ्या गाडीत त्या जागी एमजीबीच्याच व्ही 8 इंजिनाच्या मॉडेलचे बुश आहेत आणि मला ते आवडले.

हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात अशा रस्त्यांवर वाढलेल्या गाडीचे गंजलेले जुने बोल्ट आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवा. आणि ड्रॉप लिंकचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) नट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावा. चारही चाकं जमिनीवर टेकली, वजन बसलं, की मगच पान्याने शेवटचे आवळा.