ग्नू गेटकीपर: धारणीतून आवाज पोचला

आमच्या धारणीच्या (मेळघाट) दवाखान्यातल्या जुन्या एच.३२३ (नेटवरून व्हिडिओ कॉल करायची जुनी पद्धत) व्हिडिओ संचावर अमरावतीचे डॉक्टर दिसायचे, पण त्यांचा आवाज येईना. राऊटरमागच्या खाजगी आयपीचा, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कपुरत्या पत्त्याचा घोळ; बाहेरून आवाज संचापर्यंत पोचेना. नेटवाल्यानं तर हातच वर केले. मग पडून असलेल्या पीसीत दोन लॅन कार्डं बसवून ग्नू गेटकीपर हे असे कॉल जोडून देणारं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट, ओपन सोर्स. संचाच्या नोंदणीला यूडीपी पोर्ट १७१९, कॉल जोडायला टीसीपी पोर्ट १७२०. पण खरी किल्ली प्रॉक्सीची. ती चालू केली की आवाज-चित्र गेटकीपरमधूनच जातं. आरटीपीच्या (आवाज-चित्र वाहून नेणारा प्रोटोकॉल) पोर्टची रेंज मात्र फायरवॉलमध्ये उघडायला विसरू नका, माझे दोन दिवस तिथंच गेले. फिक्स, म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचा खर्च आहेच. काल डॉक्टरांनी विचारलं, “आजी, खोकला कधीपासून?” आजी पडद्याकडे सरकून म्हणाली, “पोळ्यापासून, बाप्पा.”