कार्ड खरं, पत्र बनावट

पत्री सरकारच्या, म्हणजे १९४० च्या दशकात सातारा भागात इंग्रजांविरुद्ध चाललेल्या समांतर सरकारच्या, कार्यकर्त्याने लिहिलेलं म्हणून एक पोस्टकार्ड मला विकलं गेलं. ते बनावट निघालं. ते विकणारा माणूस, किंवा याच पद्धतीने काम करणारं कोणी, कराड, इस्लामपूर, विटा, सांगलीकडच्या संग्राहकांकडे फिरत असण्याची शक्यता आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

ओळख एका प्रदर्शनात झाली. चाळिशीचा, नम्र बोलणारा गृहस्थ. आजोबांचा जुना अल्बम आहे, घरात कुणाला रस नाही, योग्य माणसाकडे जावा अशी इच्छा आहे, असं म्हणाला. पुढे साताऱ्यात पोवई नाक्याजवळ भेटलो. अल्बम काळ्या जाड पानांचा होता. पहिल्या पानांवर सुटी कार्डं होती, प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांत अडकवलेली. व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेलं पाव आण्याचं कार्ड, एडवर्डच्या काळातली दोन, सहाव्या जॉर्जची नऊ पैची बरीच. भोर संस्थानचं १९०१ चं अर्ध्या आण्याचं तिकीटही होतं, तिथले राजे पंत सचिव यांचं चित्र असलेलं. त्याने प्रत्येक वस्तू माझ्या हातात दिली. "सर, भिंगाखाली बघा, घाई नाही." मी पाहिली. सगळी अस्सल होती.

यातच त्याचं कौशल्य होतं. पाव आण्याचं कार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये सुरू झालं आणि ती इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की साधी वापरलेली कार्डं आजही स्वस्तात मिळतात. नऊ पैची कार्डं तर त्याहून सहज. अशी वीस-पंचवीस अस्सल कार्डं पुढे ठेवायला त्याला फारसा खर्च आला नसणार. पण ती एकामागून एक तपासून बरोबर निघाली की पुढच्या पानाबद्दलचा संशय आपोआप कमी होतो.

पुढच्या पानावर ते कार्ड होतं. मजकुराची बाजू वर, पत्त्याची बाजू काळ्या पानाला पूर्ण चिकटवलेली. "आजोबांनीच चिकटवलंय, काढायला गेलो तर फाटेल. मागची बाजू मी आधी एकदा सोडवून फोटो काढला होता." तो फोटो त्याने मोबाइलवर पाठवला होताच. त्यात ता. वाळवा, जि. सातारा असा पत्ता, आणि १९४४ सालचा स्वच्छ वाचता येणारा पोस्टाचा शिक्का.

मजकूर फार हुशारीने रचलेला होता. भूमिगत माणूस उघड्या कार्डावर बेत लिहीलच कशाला, ही शंका कोणाच्याही मनात येईल. म्हणून त्यात बेत नव्हताच. पेरणीची चौकशी, आईच्या दुखण्याची विचारपूस, आणि मध्येच एक ओळ: धुळ्याकडे गेलेली मंडळी सुखरूप परतली, नानांचा निरोप पोचला. खाली तारीख २ मे १९४४. ज्याला या भागाचा इतिहास माहीत आहे त्याला त्या ओळीचा अर्थ लगेच लागतो. १९४४ च्या एप्रिलमध्ये चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, तो आपल्याकडच्याच तरुणांनी. नाना म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. इतिहास नीट वाचलेल्या माणसाने हे कार्ड तयार केलं आहे, आणि या गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

अल्बमचे अठरा हजार ठरले. चार हजार यूपीआयने आगाऊ, उरलेले रोख. त्याने पावती दिली, तीवर "जुना अल्बम, जशी वस्तू तशी विक्री" एवढंच. कार्डाचा उल्लेख नाही.

सांगलीत आमच्यातले एक ज्येष्ठ संग्राहक आहेत. चिकटलेली तिकिटं सोडवायला ते स्वेट बॉक्स वापरतात: बंद डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर वस्तू. नुसत्या दमटपणाने गोंद सैल होतो, शाईला पाणी लागत नाही. जुन्या अल्बममध्ये खळ किंवा डिंक असतो, तो मऊ होऊन सुटतो. इथे कार्डामागून रबरासारखा पातळ पापुद्रा निघाला. हा अलीकडचा कृत्रिम पांढरा गोंद, १९४४ च्या आसपासच्या अल्बमात तो असायचं कारण नाही.

कार्ड उलटलं तर फोटोतला पत्ता त्यावर नव्हताच. फोटो दुसऱ्याच, खऱ्या कार्डाचा होता. आमच्या कार्डावर लिहिलं होतं: ता. वाळवा, जि. सांगली.

१९४४ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा सगळा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. १९४४ मध्ये सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. इतका अभ्यास केलेला माणूस इथे सवयीने चुकला, आणि म्हणूनच ती बाजू त्याने पानाला चिकटवली असावी.

मग बाकीच्या खुणा दिसत गेल्या. पोस्टाचा शिक्का भिंगाखाली धरला तर काळ्या रेषेत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. म्हणजे तो घरगुती रंगीत प्रिंटरने उमटवलेला. कार्डाच्या मधोमध जुनी घडी आहे, तिथे कागदाचे तंतू तुटले आहेत, आणि लिहिलेल्या अक्षरांची शाई त्या तुटलेल्या तंतूंत खोल उतरली आहे. घडी पडून कागद जीर्ण झाल्यावर कोणीतरी लिहिलं, याचा हा सरळ पुरावा. अक्षरांच्या कडाही पसरल्या आहेत. जुन्या कार्डाचा शाई धरून ठेवणारा लेप कालांतराने कमजोर होतो, त्यावर आज फाउंटन पेनने लिहिलं तर शाई फुटते. शुद्धलेखनही आजचं आहे. त्या पिढीतली शिकलेली माणसं "कांहीं", "नाहीं", "नांव" असं लिहीत, आणि हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण कमी शिकलेला माणूस तेव्हाही अनुस्वार गाळत असे. पण इतर खुणांच्या जोडीला हेही धरावं.

कार्ड स्वतः मात्र अस्सल आहे. नऊ पैचं कोरं कार्ड बाजारातून घेऊन त्यावर लिहिलेलं. त्यामुळे अतिनील दिव्याखाली धरलं तर कागद पास होतो, छापील तिकीट पास होतं. आपण संग्राहक तिकीट, छपाई, जलचिन्ह, दाते यांना सरावलेलो असतो. हाताने लिहिलेल्या मजकुराची तपासणी आपल्या सवयीत नाही, आणि किंमत तर नेमकी मजकुराची लावली जाते.

त्याच माणसाने दुसऱ्या एकांना "सातारा संस्थानचं पोस्टाचं तिकीट" देऊ केल्याचं नंतर कळलं. असं तिकीट असूच शकत नाही. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली, आणि आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, सिंध डाक, १८५२ मध्ये निघालं. ते काढणारे बार्टल फ्रिअर आधी साताऱ्यालाच रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, होते, हा योगायोग सांगून तो तिकिटाला वजन आणत होता म्हणे. संस्थानांची कोर्ट फी तिकिटंही पोस्टाची म्हणून खपवली जातात, तीही बघून घ्यावीत.

यूपीआयच्या चार हजारांची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर नोंदवली. बाकीच्या रकमेसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी तक्रार दिली आहे. त्याचा नंबर बंद आहे.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. ९ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी एका शाळेने हे कार्ड मागितलं होतं. तिथे ते मांडलं गेलं असतं, मुलांनी फोटो काढले असते, पुढे कुणाच्या प्रबंधात ते पुरावा म्हणून आलं असतं. ज्या घरांतल्या माणसांनी तेव्हा खरोखर तुरुंग भोगला, त्यांच्या ट्रंकेतल्या खऱ्या पत्रांवरही मग लोक संशय घेतील. मी कार्डामागे पेन्सिलने "बनावट" लिहून ते वेगळं ठेवलं आहे, विकणार नाही.

आपल्याकडे काळ्या पानावर पूर्ण चिकटवलेलं, १९४३-४४ ची तारीख असलेलं असं कार्ड आलं असेल तर ते फाडू नका, परतही करू नका. स्वेट बॉक्समध्ये सोडवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिक्का भिंगाखाली बघा. माझ्या कार्डावर लिहिणाऱ्याच्या "झ"ची शेपटी उजवीकडे वळून पुढच्या अक्षराखाली जाते, आणि तारखेतला ४ वरून उघडा आहे. हेच अक्षर आपल्या कार्डावर असेल तर आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकाच हाताची दोन-तीन कार्डं एकत्र आली तर तपास करणाऱ्यांना धागा मिळेल.