व्हिसा खरा होता, तरी फसलो: दुबईतली नोकरी आणि गेलेले २ लाख ६४ हजार २०० रुपये

आधी आकडे. एजंटला दिले १,४५,००० रुपये. तिकडे दंड आणि बाकीचे मिळून ४,१५० दिरहम, २४ च्या भावाने ९९,६०० रुपये. परतीचं तिकीट १९,६००. एकूण २,६४,२००. त्यातला एक रुपयाही परत मिळालेला नाही. दुबईला गेला धाकटा भाऊ, पण कागद वाचले मी आणि पैसे मोजले मी, म्हणून लिहिणंही माझ्याकडेच आलं.

एजंट कसे गोड बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही माहीत होतं. बनावट व्हिसाच्या बातम्या आम्हीही वाचतो. म्हणून तर व्हिसाची पीडीएफ आल्याबरोबर दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर जाऊन मी एंट्री परमिटचा नंबर टाकून बघितला. व्हिसा चालू दाखवला आणि मी निर्धास्त झाले. तो खरा की खोटा एवढंच मी तपासलं. तो कसला आहे ते तपासलंच नाही. तो साठ दिवसांचा टुरिस्ट व्हिसा होता, अगदी कायदेशीर. आजकाल फसवणूक अशीच होते. खोटा व्हिसा पकडला जातो, चुकीच्या प्रकारचा खरा व्हिसा कुणीच पकडत नाही.

त्या पीडीएफवर स्पॉन्सरचा एक रकाना असतो. नोकरीच्या एंट्री परमिटवर तिथे काम देणाऱ्या कंपनीचं नाव येतं. भावाच्या व्हिसावर एका टुरिझम कंपनीचं नाव होतं. काम मिळणार होतं प्लंबिंगच्या कंत्राटदाराकडे, महिना १,२०० दिरहमवर. प्लंबरचा हेल्पर टुरिझम कंपनीच्या नावाने कसा जाईल? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी ते मोठं करून वाचलंही होतं. एजंट म्हणाला, "ताई, पोचल्यावर स्टेटस चेंज होतं, सगळ्यांचं असंच करतात." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. युएईत व्हिजिट व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर देश न सोडताही जाता येतं, पण त्यासाठी कंपनीने तिथल्या कामगार मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो. त्याआधी मंत्रालयाचं ऑफर लेटर निघतं आणि त्यावर कामगाराची सही लागते. त्यावर एमबी ने सुरू होणारा नंबर असतो आणि तो मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतो. ते अरबी, इंग्रजी आणि कामगाराच्या भाषेत मिळतं, त्या भाषांमध्ये हिंदीही आहे. आम्हाला दाखवलं होतं ते कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पान. असं पान कुणीही छापू शकतो. अशा कामात एमबी नंबर नसेल तर नोकरी नाही असंच समजा.

आता पावतीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त जळतं ते तिथेच. पैसे असे गेले: फाइल चार्ज ५,०००, मेडिकल ८,५००, व्हिसा ६०,०००, तिकीट २४,०००, "एअरपोर्ट सेटिंग" १५,००० आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी बाकी म्हणून ३२,५००. पावती मिळाली फक्त व्हिसा आणि तिकिटाच्या ८४,००० ची. त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं "दुबई टूर पॅकेज". मी विचारलं. तो म्हणाला, जीएसटीसाठी असं लिहावं लागतं. मी पावतीची घडी घालून पर्समध्ये टाकली. पुढे पोलीस ठाण्यात हीच पावती माझ्यासमोर धरून मला सांगण्यात आलं की तुम्ही टूर घेतली होती, टूर झाली, यात गुन्हा कसला?

मेडिकलचे ८,५०० म्हणजे निव्वळ लूट. युएईच्या रेसिडन्सीसाठीची मेडिकल तिथे पोचल्यावर होते. इथे आधी एक्स-रे आणि रक्ततपासणी करून त्याने काय मिळवलं, ते तोच जाणे.

कायद्याने एजंटला किती घेता येतं? १९८३ च्या उत्प्रवास (एमिग्रेशन) कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. आम्ही याच्या चौपटीहून जास्त मोजले. हा आकडा आधी कळला असता तर दुसऱ्याच हप्त्याला थांबलो असतो. मला तो कळला सात महिन्यांनी.

भाऊ दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआर, म्हणजे "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड". असा पासपोर्ट घेऊन नोकरीसाठी युएई, सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहरीन यांच्यासह ठरावीक १८ देशांत जायचं तर आधी उत्प्रवास मंजुरी लागते. कंपनी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मागणी नोंदवते, त्यात पगार आणि करार येतो, नोंदणीकृत एजंट कामगाराची फाइल लावतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा काढला जातो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता २७५ रुपये. फिरायला जाणाऱ्या ईसीआरवाल्याला मात्र मंजुरी लागत नाही, व्हिसा आणि परतीचं तिकीट पुरतं. सगळा धंदा याच फटीतून चालतो. "सेटिंग"चे १५,००० म्हणजे दुसरं काही नव्हतं, भावाला दिलेली शिकवणी: परतीचं तिकीट दाखवायचं, मामाकडे पंधरा दिवस फिरायला चाललोय म्हणायचं आणि टिफिन बॅगेत ठेवायचा नाही. काउंटरवर दोन प्रश्न झाले आणि शिक्का पडला. परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशी रद्द झालं आणि त्याचा परतावाही एजंटने घेतला.

इमिग्रेशनला खोटं बोलायला लावणाऱ्या माणसाकडून त्याच मिनिटाला पासपोर्ट परत मागा. भावाने मला ती शिकवणी फोनवर सांगितली होती. मी त्याला म्हटलं, ते सांगतात तसं बोल. याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

पुढचं झपाट्याने झालं. काम लागलं, पण वर्क परमिट नव्हतं. दोन महिन्यांत हातात आले ९०० दिरहम. व्हिसा संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज ५० दिरहम दंड. ४७ दिवसांचे २,३५० झाले. त्यात टुरिझम कंपनीने तो पळून गेल्याची नोंद लावली आणि ती उठवायचे १,८०० मागितले. कामगार मंत्रालयाकडे जावं तर परमिटच नाही, म्हणजे कामगार म्हणून त्याची कुठे नोंदच नाही, उलट बेकायदा काम केल्याचं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. असं काम देणाऱ्या मालकाला तिथल्या कायद्याने १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, पण घाबरतो तो कामगारच. तिथे अडकलेल्यांनी ८००-४६३४२ वर फोन करावा. भारतीय दूतावासाच्या सहायता केंद्राचा हा नंबर चोवीस तास चालतो. आम्ही तो पाच आठवडे उशिरा लावला, दंड दिवसागणिक वाढत असताना.

आणि इथली सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "बाहेरच्या देशातला मामला" म्हणाले. तिसऱ्या खेपेला अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. पाचव्या खेपेला म्हणाले, उत्प्रवास कायद्याखाली गुन्ह्याला दिल्लीची परवानगी लागते, आधी ती आणा. मी उत्प्रवासाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले. तिथे सांगितलं की एजंट आमच्याकडे नोंदणीकृत नाही, म्हणून तुम्ही पोलिसांकडे जा. नोंदणीकृत मोठ्या एजंटची ५० लाखांची बँक गॅरंटी सरकारकडे असते, त्यातून काही करता येतं, याची नाही. म्हणजे माणूस जितका बेकायदेशीर, तितका तो दोन्ही कार्यालयांच्या हद्दीबाहेर! त्याच्या कार्डावर नोंदणी क्रमांक छापलेला होता. तो दुसऱ्याच कुणाच्या एजन्सीचा निघाला. ई-मायग्रेटवर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे की नाही, हे दोन मिनिटांत दिसतं. क्रमांकाशी नाव आणि पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. "आम्ही त्यांचे सब-एजंट" हे उत्तर चालत नाही, कायद्यात सब-एजंट नाही.

परवानगीचं म्हणणं आमच्या बाबतीत साफ चुकीचं होतं. कायद्याचं कलम २७ स्वतः वाचा. परवानगी लागते हे खरं, पण तक्रार जाणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आईवडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहीण यांनी दिली तर लागत नाही. बहीण हा शब्द त्यात छापलेला आहे. कलम २६ प्रमाणे हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे अदखलपात्र नोंदही चूक. तक्रारीत उत्प्रवास कायद्याचं कलम १० आणि २४, सोबत भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लिहा. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मी कलमाची प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा समोरच्याने ती वाचलीसुद्धा नाही, अर्ज "चौकशीवर" ठेवला आणि आवक शिक्का मारला. कुठेही काही दिलं तरी हा शिक्का आपल्या प्रतीवर घ्याच. माझ्याकडे आता असे नऊ शिक्के आहेत.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, उशीर केला की पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी होते. आमचे ३२,५०० यूपीआयने गेले, एका तिसऱ्याच बाईच्या नावावर. नाव स्क्रीनवर आलं होतं. एजंट म्हणाला, वहिनींचा नंबर आहे.

अधीक्षकांकडच्या अर्जाला सहा आठवडे झाले. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातोय, कागद वकिलाकडे दिलेत. परवा एजंटच्या स्टेटसवर नवी जाहिरात होती: शारजा, हेल्पर, ४० जागा, दहावी नापास चालेल, आठ दिवसांत उड्डाण. खाली फक्त मोबाइल नंबर, नोंदणी क्रमांक नाही. तिचाही स्क्रीनशॉट मी तारखेसह अर्जाला जोडला आहे.