रॉजर्सच्या वाटेचा समुपदेशक की एलिसच्या?

समुपदेशनाला जायचं ठरलं की आपण फी विचारतो, पत्ता विचारतो, वेळ विचारतो. पद्धत कोणती, हे विचारायचं राहून जातं. मग तीन-चार भेटींनंतर कुणी ‘नुसतं ऐकून घेतात, काही सांगतच नाहीत’ म्हणून सोडतं, तर कुणी ‘माझं पुरतं ऐकलंही नाही, लगेच विचार चुकतोय म्हणाले’ म्हणून. अशा वेळी पुष्कळदा समुपदेशक कच्चा नसतो. माणसाला त्या घडीला जे हवं होतं ते त्या पद्धतीत पहिल्यांदा मिळत नाही, एवढंच झालेलं असतं.

आपल्याकडे निवड बहुधा दोन वाटांमध्ये असते. एक कार्ल रॉजर्सची (१९०२–१९८७) व्यक्तिकेंद्री पद्धत. माणसातल्या वाढण्याच्या क्षमतेवर भर देणारं जे मानवतावादी मानसशास्त्र, त्याचा समुपदेशनातला मुख्य प्रवाह तो हाच. दुसरी अल्बर्ट एलिसची (१९१३–२००७) विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी. ती मराठीत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा, त्यामुळे ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द इथल्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीचा आहे. रॉजर्सचं नाव तितकं कानावर पडत नाही. पण ‘आधी नीट ऐका’ हे समुपदेशनाच्या वर्गात जे शिकवतात, ते बरंचसं त्याच्याकडूनच आलेलं आहे.

प्रेम ही गरज की इच्छा?

दोघांमधला खरा फरक बोलण्याच्या पद्धतीत नाही, माणसाला नेमकं काय लागतं याच्या उत्तरात आहे.

मानवतावादी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोने १९४३ च्या आपल्या लेखात गरजांची चढण मांडली: शरीराच्या गरजा, सुरक्षितता, प्रेम आणि आपलेपणा, मान, आणि मग आपल्यात जे होण्याची क्षमता आहे ते होणं. (या गरजांचा प्रसिद्ध त्रिकोण त्या लेखात नाही, नंतर इतरांनी काढला.) रॉजर्स याच घराण्यातला. त्याच्या मते वाढण्याची ओढ माणसात जन्मजात असते. तळघरात ठेवलेल्या बटाट्यांना अंधारातही फिकट कोंब फुटतात आणि दूरच्या खिडकीतल्या उजेडाकडे सरकत राहतात, हे त्याने लहानपणी पाहिलेलं दृश्य तो यासाठी सांगत असे. मग माणूस अडतो कुठे? मुलाला स्वीकार हवा असतो आणि घर तो अटींवर देतं: पहिला आलास तर शहाणा, रडलास तर वाईट. मूल त्या अटी गिळतं आणि मोठेपणी स्वतःलाही त्याच अटींवर पसंत करतं. औषध म्हणून रॉजर्स असं नातं देतो ज्यात अट नाही. १९५७ मध्ये त्याने माणूस बदलायला लागणाऱ्या सहा गोष्टी मांडल्या. त्यातल्या समुपदेशकाच्या बाजूच्या तीन सर्वांत महत्त्वाच्या: बिनशर्त स्वीकार, समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, आणि स्वतः मुखवटा न घालणं. या सहा गोष्टी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत, असा त्याचा दावा होता.

एलिस नेमका तिथेच आडवा येतो. असं ऊबदार नातं असलं तर चांगलं, पण ते ना आवश्यक, ना पुरेसं, असं तो म्हणतो. त्याच्या हिशेबी प्रौढ माणसाला प्रेम आणि शाबासकी हवीशी वाटते, त्यांच्यावाचून जीव जात नाही. ‘मिळालं तर बरं’ याचं ‘मिळालंच पाहिजे’ झालं की दुखणं सुरू होतं. मराठीला इथे एक सोय आहे: सगळा आजार एका ‘च’मध्ये दिसतो. ‘त्याने मला मान दिलाच पाहिजे.’ ‘मला हे जमलंच पाहिजे.’ त्या हट्टामागून तिघे येतात: नाही मिळालं तर ‘भयंकर’, ‘मला सहन होणार नाही’, आणि ‘म्हणजे मी नालायक’.

स्वतःला बिनशर्त स्वीकारावं, हे दोघांनाही मान्य आहे. रॉजर्सला वाटतं, आधी दुसऱ्याने तसं स्वीकारलं की ते आत उतरतं. एलिस सांगतो की ते स्वतःच विचाराने ठरवता येतं, आणि कुणी स्वीकारेपर्यंत थांबू नये.

एकच वाक्य, दोन खोल्या

समजा, तिशीच्या आतला एक मुलगा म्हणतो: “बाबांनी कर्ज काढून पुण्याला ठेवलं आणि मी एमपीएससीत दुसऱ्यांदा पडलो. गावी तोंड दाखवायची लाज वाटते.”

रॉजर्सच्या वाटेने: “घरी जायचं म्हटलं की ते कर्ज आणि हा निकाल, दोन्ही एकदम समोर उभं राहतं.” मुलगा थांबतो. “कर्जाचं तसं नाही... बाबा काही बोलतच नाहीत.” “ते गप्प राहतात, ते जास्त लागतं.” “हो. रागावले असते तर बरं झालं असतं.” विषय परीक्षेवरून बाप-लेकावर आला, आणि तिथे मुलगा स्वतः गेला. समुपदेशकाने प्रश्न विचारलेला नाही, सल्लाही दिलेला नाही.

एलिसच्या वाटेने: “लाज वाटते त्या क्षणी मनात कोणतं वाक्य असतं?” “की मी पास व्हायलाच हवं होतं. नाही झालो म्हणजे नालायक.” “पास व्हावंसं वाटणं अगदी रास्त. पण व्हायलाच हवं, हा नियम कुठला? आणि दोन पेपरांत कमी गुण पडण्यापासून ‘मी नालायक’पर्यंत तुम्ही पोचलात कसे?” मग कागदावर घटना, तिच्याबद्दलचा समज, परिणाम असे तीन रकाने, त्यापुढे त्या समजाशी वाद आणि त्याच्या जागी नवं वाक्य. इथे ध्येय मुलाला खूश करणं नसतं. लाजेच्या जागी खंत यावी, एवढंच. खंत वाटणारा माणूस घरी जातो आणि पुढच्या जाहिरातीचं काय करायचं ते बसून ठरवतो; लाज वाटणारा फोन उचलत नाही.

शिवाय गृहपाठ. रोज एक असा तक्ता लिहायचा आणि ज्याची लाज वाटते ते मुद्दाम करून पाहायचं. एलिस लोकांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायला लावत असे, लोक पाहतात आणि तरी आपण मरत नाही हे अंगाने कळावं म्हणून. या मुलाचा गृहपाठ साधा: रविवारी गावी जायचं आणि निकाल स्वतःच्या तोंडाने सांगायचा.

बिघडतं कुठे

रॉजर्सची पद्धत दिसायला सोपी, म्हणून अर्धवट शिकलेल्याच्या हाती लवकर बिघडते. नेहमीची चूक पोपटपंची: “मला वाईट वाटतं” म्हटलं की “तुम्हाला वाईट वाटतंय.” चांगला ऐकणारा तुमचं वाक्य परत करत नाही, तुम्ही ज्याच्या काठाशी आलात ते बोलतो. दुसरी अडचण आपल्या सवयीची आहे. डॉक्टरांनी गोळी सांगावी तसा इथे सल्ला मिळावा असं वाटतं, आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ ऐकून पैसे वाया गेले असं होतं. समुपदेशकाने पहिल्या भेटीतच ‘मी सल्ला का देणार नाही’ हे समजावलं नसेल, तर ती उणीव त्याची. तिसरं म्हणजे दर आठवड्याला मन हलकं होतं, पण घरी काहीच हलत नाही. आठ-दहा भेटींनंतरही तसंच असेल तर ते बोलून दाखवा. या पद्धतीत असं थेट बोलणं हेच काम आहे.

विवेकनिष्ठ पद्धतीतली सर्वांत मोठी तक्रार एका म्हणीत मावते: कळतं पण वळत नाही. कारण बहुधा हे असतं की नवा विचार एकदा डोक्याने मान्य करून वही मिटली जाते. ‘च’ वीस वर्षं जोरात म्हटलेला असतो; त्याच्याशी वाद तितक्याच जोराने, पुन्हा पुन्हा, आणि कृती करून घालावा लागतो. गृहपाठ करणार नसाल तर ही वाट घेऊ नका, अर्धी फुकट जाईल. याहून गंभीर चूक समुपदेशकाची: समजाऐवजी घटनेशीच भांडणं. “नवरा तसं म्हणाला नसेल हो.” म्हणाला असेल, मारलंही असेल. जिथे घरात हिंसा आहे, कामावर छळ आहे, तिथे आधी घटना थांबवायची. बाईने त्या घटनेकडे विवेकाने पाहावं, असं कुणी सांगत असेल तर ती खोली सोडा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

कुणी कुठे जावं

स्वतःची एक परीक्षा घ्या. आपला त्रास एका ओळीत, प्रसंगासकट लिहा. ‘मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की घाम फुटतो.’ ‘सासूबाईंनी स्वयंपाकात काही काढलं की दोन दिवस संताप जात नाही.’ अशी ओळ लिहिता आली तर एलिसची वाट घ्या. साधारण दहा ते वीस भेटींत फरक दिसावा, चौथ्या भेटीपर्यंत आपला ‘च’ कोणता हे तरी सापडावं.

ओळ लिहिता येत नसेल, ‘सगळं आहे तरी काही तरी चुकतंय’, ‘मला काय हवंय तेच कळत नाही’ असं असेल, किंवा कुणाचं जाणं अजून कुणाशी बोलायचंच राहिलं असेल, तर रॉजर्स. ज्याचं म्हणणं घरात कधी पुरतं ऐकलं गेलं नाही, त्याच्याशी पहिल्याच दिवशी वाद घातला की त्याला आणखी एक परीक्षक भेटतो. अशा माणसाला एलिस नंतर लागू पडेल, आधी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुराव्याच्या बाजूने म्हणाल तर इंग्लंडमध्ये शेफील्डला ५१० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. मध्यम ते तीव्र नैराश्यासाठी रॉजर्सच्या परंपरेतली पद्धत आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी पद्धत), म्हणजे एलिसच्या पद्धतीची सख्खी भावकी, यांची तुलना करून निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी रॉजर्सची बाजू कमी पडली नाही. वर्षाने सीबीटीचं पारडं जड होण्याकडे कल दिसला. टिकाऊपणासाठी सराव लागतो, याला तो कल धरून आहे.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन्ही वाटा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, सरकारी आणि मोफत.

पहिल्या फोनवर तीन गोष्टी विचारा. तुम्ही गृहपाठ देता का? भेटीत काय बोलायचं ते कोण ठरवतं? आणि तुमचं प्रशिक्षण कोणत्या पद्धतीत, कुठे झालं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तोही मागा. ‘आम्ही सगळ्याच पद्धती वापरतो’ असं उत्तर आलं, तर वरचं एमपीएससीचं उदाहरण सांगून विचारा: यात तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल?