दाणेदार ‘सेंद्रिय’ खत: एकरी ४ पोत्यांचा गंडा

कांदा लागवडीच्या तोंडावर टेम्पो थेट बांधावर येतो. काळे, चकचकीत, एकसारखे दाणे, ५० किलोचं पोतं, वर ‘१००% सेंद्रिय’. विकणारा सांगतो: एकरी ४ पोती टाका, रासायनिक बंद करा, जमीन भुसभुशीत होईल, कांद्याचा कस वाढेल. बिल मागितलं की “उद्या पाठवतो”.

आधी हिशेब बघा. चांगल्या गांडूळ खतात नत्र १ ते दीड टक्का. ४ पोती म्हणजे २०० किलो. त्यात नत्र फार तर ३ किलो, तेही सगळं याच हंगामात लागू होत नाही. कांद्याला नत्राची शिफारस हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४०. जमिनीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) वाढवायचा तर कुजलेलं शेणखत एकरी ८-१० टन लागतं. म्हणजे माल अस्सल असता तरी पीक उपाशीच. कसाचंही तेच: कांद्याचा तिखटपणा गंधकावर, आणि मूठभर दाण्यांतून ते किती येणार?

आता तो दाणा ग्लासभर पाण्यात टाका. आत बेंटोनाइट ही चिकणमाती असेल तर तो पाणी पिऊन फुगतो, बुळबुळीत होतो. चिमटीत चोळला की वरचा काळा रंग सुटतो आणि आत फिकट राखाडी माती दिसते. काही जण त्यात युरिया मारतात. आठवड्यात पात हिरवीगार होते आणि शेतकरी स्वतःहून आणखी पोती मागवतो. ही खरी मेख! सेंद्रिय खताला एवढी घाई नसते.

सुट्या गांडूळ खतात माती नाहीतर बॉयलरची राख मिसळतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्याचं १ लिटर माप ७०० ते ९०० ग्रॅम भरायला हवं. किलोच्या वर गेलं तर माती किंवा वाळू धरा. सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, म्हणजे सेंद्रिय पदार्थ साधारण ३१. पूर्ण वाळवलेलं १०० ग्रॅम खत लोखंडी तव्यावर धूर थांबून राखाडी होईपर्यंत जाळा. मागे ७० ग्रॅमपेक्षा बरंच जास्त उरलं तर पैसे मातीचे दिलेत. हा अंदाज झाला. पक्कं प्रयोगशाळेतच कळतं.

शंका आली तर सगळी पोती फोडू नका. शिवलेलं पोतं, लॉट नंबर आणि पक्कं बिल घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. फोडलेल्या पोत्यातला नमुना पुढे टिकत नाही.