दुधीला फुलं भरपूर पण दुधी धरत नव्हता, मुलुंडच्या नर्सरीवाल्या काकांना घरी बोलावलं त्याचा अनुभव

दीड महिना आमच्या गॅलरीतल्या दुधीला फुलं येत होती आणि एकसुद्धा दुधी धरत नव्हता. फुलामागे बोटाएवढा इवलासा दुधी दिसायचा, चार दिवसात पिवळा पडून गळायचा, रोज सकाळी उठलं की आधी कुंडीत गळलेले बघायचे, खरंच जीव तुटायचा. ऑनलाइन मागवलेली फुलगळ थांबवायची ३८० रुपयांची बाटली संपवली, काडीचा फरक नाही. मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या स्टेशनजवळच्या छोट्या नर्सरीतले काका घरी येऊन झाडं बघतात, ३०० रुपये घेतात, त्यांना बोलव.

काका ९ ला येतो म्हणाले, आले साडेदहाला आणि मधे फोनही उचलला नाही, हे मला आवडलं नाही. पण आल्यावर औषधाचं नाव न काढता आधी एक सुकलेलं फूल तोडून हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा तुमची गॅलरी उघडी असते का?" मी म्हटलं नाही हो, सहा वाजले की मच्छरजाळी लावून टाकते, डेंग्यूची भीती. "मग पराग नेणारे रात्रीचे पतंग आत येणार कुठून?"

इतकी साधी गोष्ट! दुधीत नर फूल वेगळं, मादी वेगळं. नुसत्या लांब बारीक देठावर असतं ते नर, पाठीमागे छोटा दुधी असतो ती मादी, आणि नराचे पराग मादीवर पोचले नाहीत तर तो छोटा दुधी गळणारच, कितीही औषध मारा. सुरुवातीला तर नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरायचं नाही म्हणाले. आणि काका त्याच दिवशी संध्याकाळी ७ ला परत आले, जास्तीचे पैसे न घेता. ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आणि मादीच्या मधल्या भागावर कुंकू लावतात तसं हळूच फिरवलं. मग माझ्याकडून करून घेतलं. एका मादीला दोन तरी नर फुलं वापरा म्हणाले. दोडक्यालाही संध्याकाळीच करायचं, पण काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी उमलतात, त्यांना ९ च्या आत. वेलाचा शेंडापण खुडला, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात म्हणून.

मिरचीची फुलं गळत होती त्याचं कारण मीच निघाले, दर आठवड्याला मोहरीची पेंड घालत होते, नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांवर जातं. पेंड महिनाभर बंद, आणि ०-५२-३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, एवढंच सांगितलं.

टोमॅटोचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की आत्ता मे महिन्यात काही होणार नाही, मुंबईत रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही, एवढ्या उकाड्यात टोमॅटोची फुलं गळतात, ऑक्टोबरात नवीन रोपं लावा म्हणजे थंडीत धरतील. दुसऱ्या कोणी मला अजून एक बाटली विकली असती हो. यासाठीच मी पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा उशिराचा कापला.

सहा फुलांना मी हाताने केलं त्यातले चार दुधी धरले. पहिला चौदाव्या दिवशी काढला, साडेसातशे ग्रॅम भरला, कोवळा लुसलुशीत, चणाडाळ घालून भाजी केली आणि डबाभर काकांना नर्सरीत देऊन आले. तुम्ही बोलावणार असाल आणि दुधी किंवा दोडका असेल तर संध्याकाळचीच वेळ मागा, सकाळी फुलं मिटलेली असतात.